फुजीच्या डावीकडे सह्याद्री

आण्णा टोकियोत उतरले तेव्हा त्यांच्या डाव्या तर्जनीवर शाई होती. २३ एप्रिल २०१९ला सांगलीचं मतदान, २५ला नारिता विमानतळ. जपानमध्ये येणाऱ्या परदेशी माणसाच्या दोन्ही तर्जन्यांचे ठसे घेतात. खिडकीतल्या अधिकाऱ्याने ते काळंजांभळं बोट पाहिलं आणि अदबीने एक ओला कागदी रुमाल पुढे केला. आण्णांनी रुमाल घेतला, त्याने चष्मा पुसला आणि मान लववून आभार मानले. मतदानाची शाई रुमालाने निघत नाही, हे जपान सरकारला समजावत बसायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. मागे आई उभी होती आणि तिच्या पिशवीत, कांदा-लसूण मसाला आणि बेदाण्यांच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळलेला तो बॉक्स होता.

बॉक्स म्हणजे फ्री डिशचा सेटटॉप बॉक्स. दूरदर्शनने २००४च्या डिसेंबरात ही सेवा सुरू केली तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. एकदा छत्री आणि बॉक्स घ्यायचा, छपरावर नट आवळायचे, संपलं. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात द्राक्षांच्या मांडवाखालोखाल लोखंड गेलं असेल ते या छत्र्यांत. आण्णा वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी छत्री स्वतः बसवली, आणि तेव्हापासून संध्याकाळी सातला आमच्या घरात सह्याद्रीच्या बातम्या लागल्या नाहीत असा एक दिवस गेला नाही. लाईट नसलेले दिवस आण्णा धरत नाहीत.

“पण आण्णा, हा इथं कसा चालेल?”

“का? आभाळ एकच हाय की.”

“आणि छत्री?”

“छत्रीबी आणणार हुतो. हिनं आणू दिली न्हाई.”

आईने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने जिंकलेल्या मोजक्या लढायांपैकी ती एक होती.

आण्णांचं गणित साधं होतं. मुक्काम नव्वद दिवसांचा. मधे २३ मेला लोकसभेचा निकाल. तो सह्याद्रीवर, मोठ्या आवाजात, खुर्चीत बसून बघायचा. मी मोबाईल पुढे केला, त्यावर हवं ते चॅनेल लावून दाखवलं. आण्णांनी तो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला आणि परत दिला. “मोबाईलवर दिसती ती बातमी न्हवं. ती चहाडी.”

इथे मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. पण ज्या बापाने ‘पोरगा टोकियोत कॉम्प्युटर इंजिनिअर हाय’ हे पारावर, बँकेत आणि पंढरपूरच्या वाटेवर तीन दिंड्यांत सांगितलंय, त्याला एक डबा चालू होणार नाही हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय २७ एप्रिलपासून ६ मेपर्यंत सलग दहा दिवस सुट्टी होती. एरवीही तो आठवडा जपानमध्ये सुट्ट्यांचाच. त्या साली नवे सम्राट १ मेला गादीवर येत होते म्हणून ती आणखी लांबली. सगळा देश बुलेट ट्रेनमध्ये बसून कुठेतरी गेला. मी आमच्या घरच्या टीव्हीमागे गेलो.

आम्ही निशी-कासाईला राहतो. एदोगावा वॉर्डातलं हे स्टेशन तोझाई लाईनवर आहे, ओतेमाचीच्या बँका आणि ऑफिसांना थेट गाडी. त्यामुळे २०००च्या आसपास, संगणकांना शतक बदलल्याचा धसका बसला होता तेव्हा, भारतातून आलेले सॉफ्टवेअरवाले इथेच उतरले, आणि पुढचेही त्यांच्या मागोमाग इथेच उतरत राहिले. आमची इमारत अकरा मजली, आम्ही अकराव्यावर. गच्चीवर सगळ्यांची मिळून एक डिश आहे आणि प्रत्येक घरात भिंतीला तिचं सॉकेट. आण्णांच्या बॉक्सची केबल मी त्या सॉकेटला लावून पाहिली. आटे अगदी जुळले. आटे जुळले याचा मी कुंडली जुळली असा अर्थ घेतला.

बॉक्सची दोन गोल पायांची पिन जपानी सॉकेटात जाईना, कारण इथे चपट्या पट्ट्या. त्यासाठी शंभर येनच्या दुकानातून एक जोडपिन आणली. मग टीव्ही. आपला बॉक्स चित्र पाठवतो ते पाल पद्धतीने. जपानी टीव्हीला एनटीएससी कळतं. पडद्यावर काळेपांढरे पट्टे जिन्यासारखे वर चढू लागले. शंकेची पाल चुकचुकायची तर तिला याहून योग्य मुहूर्त मिळाला नसता. पण मी तिच्याकडे दुर्लक्ष करून माळ्यावरून गाडीत लावायचा सात इंची पडदा काढला, ज्याला दोन्ही पद्धती चालतात, आणि तो आमच्या पन्नास इंची टीव्हीच्या पुढ्यात उभा केला. आण्णा-आई खुर्च्या ओढून दोन फुटांवर बसले.

बटण दाबलं. लाल दिवा लागला. समोरच्या चार आकड्यांच्या पट्टीवर ‘बूट’ अशी अक्षरं आली. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं. आई म्हणाली, “आलं बाई.” मग आतून ‘टिक’ असा आवाज झाला आणि सगळं काळं. पुन्हा लाल दिवा, बूट, चिन्ह, टिक. मी घड्याळ लावलं. दर नऊ सेकंदांनी.

“व्होल्टेज बघितलास का?” आण्णांनी विचारलं.

“आण्णा,” मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं. परदेशात राहणाऱ्या मुलाचं, आईवडिलांसाठी राखून ठेवलेलं. “जपानमध्ये लो व्होल्टेज नसतं. आठ वर्षांत मी इथं दिवा मिणमिणलेला बघितलेला नाही.”

आण्णा गप्प बसले. वीज खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस साहेबासमोर कधी गप्प बसायचं ते जाणतो.

माझं निदान तयारच होतं. मी ओतेमाचीत दुसऱ्यांच्या कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळतो. आमच्या धंद्यात औषधं दोनच: बंद करून चालू करणे, आणि त्याने गुण आला नाही तर सगळं पुसून पुन्हा टाकणे. पहिलं औषध बॉक्स स्वतःच दर नऊ सेकंदांनी घेत होता. राहिलं दुसरं.

अशा बॉक्सच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याचा प्रोग्राम एका फ्लॅश चिपमध्ये भरलेला असतो. तोच फर्मवेअर. त्याचे ढोबळ तीन भाग. अगदी सुरुवातीला बूटलोडर, मग मुख्य प्रोग्राम, शेवटी चॅनेलांची यादी. बूटलोडर म्हणजे घरातली आजी. सगळ्यांच्या आधी उठते, मग एकेकाला उठवते. मुख्य प्रोग्रामात गोंधळ झाला तर आजी हाका मारत राहते आणि कुणी उठत नाही. बॉक्स चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. लक्षणं तंतोतंत जुळत होती. आजी शाबूत असेल तोवर मागच्या सिरियल पोर्टातून नवा प्रोग्राम आत सोडता येतो. वीज देताच ती क्षणभर त्या दाराशी कान देते, ‘बाहेर कुणी आहे का’ म्हणून. तेवढ्या क्षणात कॉम्प्युटरने ‘ओ’ द्यायची.

त्यासाठी केबल हवी म्हणून अकिहाबारा गाठलं. नव्या माणसाला अकिहाबारा म्हणजे कार्टूनच्या बाहुल्या वाटतात. पण स्टेशनला लागून रेल्वेच्या रुळांखाली ‘राजिओ सेंटर’ आहे. युद्धानंतर रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांना तिथे गाळे मिळाले, ते अजून तसेच आहेत. गाळे पानपट्टीएवढे. एकात नुसती बटणं, एकात नुसते दिवे, एकात नुसत्या पिना, आणि प्रत्येकात मधोमध बसलेले एकेक आजोबा, ज्यांच्या भोवती दुकान विणत आणलंय असं वाटतं. वरून लोकल गेली की सगळे ड्रॉवर बारीक आवाजात वाजतात.

“सुतोरेएतो? कुरोसु?” केबलच्या आजोबांनी विचारलं.

सरळ की उलटी. सरळ केबलमध्ये बोलायची तार बोलायच्या तारेला जोडलेली असते, उलटीत एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. दोन यंत्रांना आपसात बोलायचं असेल तर उलटीच लागते. हे मी कॉलेजात शिकलोय, त्यावर मार्क मिळवलेत. मी छाती पुढे काढून म्हणालो, “सुतोरेएतो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आजोबांनी मी तोंड उघडायच्या आत उलटी केबल काढून काउंटरवर ठेवली होती.

प्रोग्रामची फाईलही मिळाली. या स्वस्त बॉक्सांची गंमत अशी की नावं पन्नास आणि आतला बोर्ड एकच. आमच्या बॉक्सच्या बोर्डावरचा नंबर घेऊन शोधलं, तर तसल्याच एका सख्ख्या भावाचा प्रोग्राम कुणीतरी उतरवून ठेवलेला सापडला. आकार बरोबर ४१,९४,३०४ बाइट, म्हणजे चार मेगाबाइट, चिप होती तेवढाच. मी हरखलो. मापात बसणारा कपडा आपलाच असतो, अशी त्या दिवसांत माझी धारणा झालेली होती.

२९ एप्रिलच्या रात्री मुहूर्त केला. आधी लॅपटॉपवर ‘पाठवा’ दाबलं, मग बॉक्सला वीज दिली. आजी जागी होती. तिने ‘ओ’ दिली आणि टक्के चढू लागले. या पोर्टातून चार मेगाबाइट जायला सहा मिनिटं लागतात. अशा वेळी वीज गेली तर अर्धा जुना नि अर्धा नवा असा प्रोग्राम होऊन बसतो, आणि नवं लिहिताना सुरुवातीपासून पुसलेलं असलं तर आजीही त्यात जाते. पण वीज जायला हे काय तासगाव आहे? वीस टक्के. चाळीस. मुलगी मांडीवर येऊन बसली. साठ. स्वयंपाकघरात बायकोने आईसाठी दूध तापवायला मायक्रोवेव्ह लावला. बासष्ट.

टिक.

मग काही नाही. लाल दिवासुद्धा नाही. पट्टीवर अक्षरं नाहीत. नऊ सेकंद झाले, नव्वद झाले, बॉक्स गप्प.

या धंद्यात अशा यंत्राला जगभर एकच नाव आहे. वीट झाली म्हणतात. इंग्रजीत म्हणतात, पण शब्दाची खरी खोली मराठी माणसालाच कळावी. आईने विचारलं, “काय झालं रे?” मी म्हणालो, “वीट झाली.” तिने हात जोडले. आमच्याकडे वीट म्हटलं की पंढरपूरच आठवतं. फरक इतकाच की तिथे विटेवर देव आहे आणि माझ्यापुढे नुसतीच वीट होती. मुलीला दुसऱ्या अर्थाचा वीट चौथ्या दिवशी आला.

आता बाहेरून बोलणं संपलं. उघडून थेट चिपला गाठायचं. त्यासाठी एक बोटभर प्रोग्रामर मिळतो आणि एक चिमटा, ज्याच्या दोन्ही जबड्यांत चार-चार दात. आठ दात चिपच्या आठ पायांवर बसवायचे. चिप हरभऱ्याच्या डाळीएवढी. तिच्या एका कोपऱ्यात सुईने टोचल्यासारखा ठिपका असतो, तो पहिला पाय. चिमट्याची लाल तार त्या बाजूला. आण्णांचा वाचायचा चष्मा माझ्या चष्म्यावर चढवून मी ठिपका शोधला, खात्री केली, आणि चिमटा बरोबर उलटा लावला.

लगेच काही झालं नाही. प्रोग्रामरने चिप वाचली आणि पडद्यावर ओळीच्या ओळी उमटवल्या: एफएफ एफएफ एफएफ. चार मेगाबाइट नुसते एफएफ. मी ते ‘मूळ प्रत’ या नावाने जपून ठेवलं. एफएफचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा होतो, आणि तो माझ्या डोक्यात उतरेपर्यंत मी चिप नीट बसली का हे बघायला तिच्यावर डावी तर्जनी टेकवली होती. चिप तव्यासारखी तापली होती. आजही माझ्या तर्जनीच्या टोकाला चौकोनी डाग आहे. बापाच्या बोटावर लोकशाहीची खूण, मुलाच्या बोटावर अकलेची. त्या आठवड्यात आम्ही दोघं कुणालाही बोट दाखवू शकत होतो.

नशिबाने चिप वाचली. चिमटा सुलटा केला, भावाचा प्रोग्राम लिहिला, लिहिलेलं ताडून पाहिलं, अक्षर न् अक्षर बरोबर. वीज दिली. आजी उठली! बूट! पडद्यावर कुठल्या तरी भलत्याच कंपनीचं चिन्ह, खाली उजवीकडून डावीकडे लिहिलेलं अरबी. मी ओरडलो. शेजारच्या भिंतीवर टकटक झाली.

टिक. काळं. लाल दिवा. बूट.

नऊ सेकंद.

पुढचे चार दिवस मी तोच प्रोग्राम पाच वेळा लिहिला. कधी आजी वेगळी, कधी यादी पुसून, कधी देवाचं नाव घेऊन. आण्णा-आई माझा नाद सोडून रोज सकाळी ग्योसेन पार्कला जाऊ लागले. तिथे छोटं प्राणिसंग्रहालय आहे, फुकट. पण खरं आकर्षण बाकांवर भेटणारे इतर आईवडील: हैदराबादचे, चेन्नईचे, नाशिकचे, सगळे नव्वद दिवसांच्या व्हिसावरचे. तिथूनच आण्णा बातमी घेऊन आले की योगेंद्र पुराणिक नावाचा पुण्यातून आलेला माणूस २१ एप्रिलला इथल्या वॉर्डाच्या सभागृहात निवडून आलाय. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे. मी त्याच वॉर्डात राहत असून मला दोन आठवडे पत्ता नव्हता, कारण मी टीव्हीमागे होतो. “आपला माणूस नगरसेवक झाला,” आण्णा म्हणाले, “आणि तू एफएफ बघत बस.”

सुट्टी संपून ऑफिस सुरू झालं. ८ मेच्या रात्री मी घरी आलो तर आण्णा भिंतीच्या सॉकेटपाशी उकिडवे बसले होते. हातात टेस्टर. पारदर्शक पिवळ्या मुठीचा, आत निऑनचा बारका दिवा, क्लिपवर गंज. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी तीस वर्षं राहिलाय. विमानात हातातल्या सामानात तो घेऊ देणार नाहीत म्हणून आईने बॅगेत टाकला होता.

“इकडं ये. दिवा घालव.”

मी दिवा घालवला. आण्णांनी टेस्टर एका फटीत घातला, मागच्या टोपणावर अंगठा ठेवला. गावाकडे तो घातला की मुठीत ढळढळीत नारिंगी उजेड पडतो. इथे तारेच्या टोकाला जेमतेम एक लाली धरली होती. काजवा बरा.

“तुमची लाईट अशी का रं?”

“अशीच असते इथं. शंभर व्होल्ट.”

अंधारात थोडा वेळ कुणी बोललं नाही.

“किती?”

“शंभर.”

“आज?”

“कायम.”

“सगळ्या देशात?”

“सगळ्या देशात.”

आण्णांनी दिवा लावायला सांगितलं. बॉक्स उचलून पालथा केला. तळाला एक चंदेरी कागद चिकटवलेला होता, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, कारण त्यांचा माझ्या डोळ्यांवरच होता, आणि मोठ्याने वाचलं: “एसी. एकशेचाळीस ते दोनशेऐंशी व्होल्ट.” मग बॉक्स अलगद खाली ठेवला. आजारी माणसाला ठेवतात तसा.

त्यानंतर जे झालं ते शिकवणीसारखं झालं. बॉक्सला दोनशेतीसची सवय. कमीत कमी एकशेचाळीस हवेत. शंभरावर त्याचा पॉवर सप्लाय कसाबसा उभा राहतो, चिन्ह दाखवण्यापुरता. पण मग बॉक्सला केबलमधून वर छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीलाही वीज द्यायची असते, १३ नाही तर १८ व्होल्ट. ते ओझं पडलं की सप्लाय बसतो, टिक होतं, पुन्हा उठतो. नऊ सेकंद. फाईल घेताना एलएनबीचं काम नसल्याने तो सहा मिनिटं तग धरून होता. मायक्रोवेव्ह लागला, त्याच लाईनवरचं व्होल्टेज आणखी दोनचार घसरलं, आणि बासष्ट टक्क्यांवर त्याचा जीव गेला. मूळ प्रोग्रामात काडीचाही दोष नव्हता. तो मीच पुसला होता.

आणि हे मला कळू नये! लो व्होल्टेज हे तर माझं बाळकडू. संध्याकाळी सातला गावातल्या सगळ्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या बल्बमधली तार उदबत्तीसारखी लाल व्हायची, पंख्याची पाती मोजता यायची, ट्यूबलाईट रात्रभर डोळे मिचकावत राहायची. मी दहावीचा अभ्यास त्या उजेडात केलाय. फक्त ते ‘गावाकडचं’ म्हणून गावाकडेच ठेवून आलो होतो. जपानमध्ये व्होल्टेज पडत नाही, हे माझं वाक्य अक्षरशः खरं होतं. ते मुळातच खाली होतं.

“पन्नास सायकल तरी हाय का?” आण्णांनी जरा काळजीने विचारलं.

टोकियोत पन्नास, ओसाकात साठ, मी सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जनित्रं जर्मनीतून घेतली आणि ओसाकाने अमेरिकेतून. तेव्हापासून फुजी नदीच्या अलीकडे पन्नास आणि पलीकडे साठ, आजतागायत. आण्णांच्या चेहऱ्यावर दोन आठवड्यांत पहिल्यांदा निखळ आनंद दिसला. “एका देशात दोन? आणि आम्हाला नावं ठिवत्यात.”

तिसऱ्यांदा अकिहाबारा. या वेळी शंभराचे दोनशेवीस करणारा ट्रान्सफॉर्मर. विटेच्याच आकाराचा, अडीच किलोचा. केबलच्या आजोबांच्या गाळ्यावरून जाताना मी मान खाली घातली. घरी आणून जोडला, तो मधमाश्यांसारखा गुणगुणू लागला, बॉक्सला वीज गेली. बूट. चिन्ह. मी श्वास रोखला. नऊ सेकंद. दहा. पंधरा. अरबी मेन्यू उघडला आणि उघडाच राहिला. आण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. रिमोटचं ओके बटण दाबलं तर आवाज बंद झाला, आवाजाचं दाबलं तर चॅनेल बदललं, कारण मेंदू भावाचा आणि रिमोट याचा. तेवढं चालायचंच. मी मेन्यूत चाचपडत घड्याळ टोकियोच्या वेळेवर, जागतिक प्रमाणवेळेच्या नऊ तास पुढे लावलं, आणि चॅनेल शोधायला सोडलं.

शोध पूर्ण झाला. चॅनेल सापडले शून्य.

त्याची कारणं मी त्या रात्री वाचली. ती बॉक्सला पिशवीतून काढण्यापूर्वी वाचायची होती. गच्चीवरची डिश बघते ११० अंश पूर्वेच्या जपानी उपग्रहाकडे. जपानी प्रक्षेपणाची भाषा वेगळी, आयएसडीबी-एस. आपला बॉक्स समजतो डीव्हीबी-एस. समजलं असतं तरी ते कुलूप लावून येतं आणि उघडायला लाल कार्ड लागतं. म्हणजे मी पाच वेळा काय, पाच हजार वेळा प्रोग्राम लिहिला असता तरी भिंतीतून एक अक्षर कळलं नसतं. आटे मात्र अजूनही जुळत होते.

फ्री डिश येते ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून. २०१५च्या नोव्हेंबरात एरियन रॉकेटने तो वर गेला. विषुववृत्ताच्या वर, ३६ हजार किलोमीटर. आणि गंमत अशी की तो टोकियोच्या आकाशातही असतो. मी कागदावर कोन काढला आणि आण्णांना गॅलरीत नेलं. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. नैऋत्येला, शंभरेक किलोमीटरवर फुजी आहे. मेमध्ये तो बहुधा धुरकटात लपलेला असतो, पण कुठे असतो ते आम्हा अकराव्या मजल्यावरच्यांना हिवाळ्यामुळे पाठ आहे. फुजीपासून एक मूठ डावीकडे. तिथून अडीच मुठी वर.

आण्णांनी शाईच्या बोटाची मूठ केली. एक डावीकडे. मग एकावर एक, अडीच. त्या जागी एक फिकट ढग होता.

“तिथं सह्याद्री हाय?”

“हो. आत्ता, या क्षणाला. पण त्याचं तोंड भारताकडं आहे. तेवढ्याच भागावर तो सोडतो. इकडं काही येत नाही.”

आण्णा बराच वेळ बघत राहिले. “लग्नातल्या व्याह्यावाणी,” ते म्हणाले. “समोर बसलाय, पण बोलतोय शेजारच्याशी.”

२३ मेला मी रजा घेतली होती. भारतात सकाळी आठला मोजणी सुरू, म्हणजे आमच्याकडे साडेअकरा. अकरा वाजता बायकोने मोबाईल टीव्हीला जोडला. तिला दोन मिनिटं लागली. पन्नास इंची पडद्यावर मराठी बातम्या, मोठ्या आवाजात, आण्णा खुर्चीत. मी तिला विचारलं की हे आधी का नाही केलंस. ती म्हणाली, “तुम्ही टीव्हीमागे होता. पुढून सांगितलं असतं तर ऐकू आलं असतं का?” टीव्हीखाली बॉक्स ट्रान्सफॉर्मरवर चालूच होता, लाल दिवा लावून, कुठलंही चॅनेल न दाखवता. मी तो बंद करायला वाकलो तर आण्णा म्हणाले, “राहू दे. बरं दिसतं.”

जुलैत बॉक्स गावी परत गेला. छपरावरच्या छत्रीला जोडल्यावर मी फोनवरून चॅनेल शोधायला लावले: “उजवीकडून दुसरं, आण्णा. ज्याच्यावर तीन ठिपके आहेत ते.” तासगाव तालुक्यात अरबी मेन्यू अंदाजाने वापरणारे माझे वडील एकटेच असतील. ओके दाबलं की आवाज जातो हे आईने शिकून घेतलंय, आणि ती ते भांडणात वापरते. समोरच्या पट्टीवरचं घड्याळ अजून टोकियोचं आहे, साडेतीन तास पुढे. पुतण्या ते नीट करून देतो म्हणाला तर आण्णांनी हात लावू दिला नाही.

परवा रात्री फोन आला. “साडेधा वाजलं न्हवं का तुमच्याकडं? पट्टीवर दिसतंय. आत्ता बातम्या लागल्यात.”

“चित्र नीट येतं ना आण्णा? व्होल्टेज किती आहे?” मी विचारलं. आता मी आधी तेच विचारतो.

“दीडशेच हाय. पंखा फिरंना झालाय. पर ह्यो चालतोय की बेस.” मागे सह्याद्रीची निवेदिका बोलत होती. “जपानात शंभरावर उपास काढून आलाय त्यो. दीडशे म्हंजी त्याला पंगत.”